मांजराच्या पिल्लाचं ऑपरेशन नेमकं कधी करायचं?

घरात आणलेलं पिल्लू चार महिन्यांचं झालं की डॉक्टरांकडून नसबंदीची तारीख घ्यावी आणि पाचवा महिना संपायच्या आत ऑपरेशन उरकावं. मादी असो वा बोका. उत्तर एवढंच आहे, पण आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर वेगळंच पडलेलं असतं. सहा महिने होऊ द्या, पहिला माज जाऊ द्या, एक वेत होऊ द्या, बोक्याचं वर्षभरानंतर बघू. हे सगळे सल्ले चांगल्या मनाने दिलेले असतात. त्यातून जन्माला येणारी पिल्लं मात्र जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, पार्किंगमधल्या गाड्यांच्या आडोशाला वाढायचा प्रयत्न करतात, आणि त्यातली बरीचशी वाढत नाहीत. म्हणून हा वयाचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

मांजर आपल्या अंदाजापेक्षा लवकर वयात येतं. बहुतेक माद्या पाच ते नऊ महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येतात, काही चौथ्या महिन्यातच. तेव्हा ती अजून दोऱ्याच्या रिळामागे धावणारं, पडद्यावर चढणारं पिल्लूच दिसत असते, त्यामुळे घरच्यांच्या ते लक्षात येत नाही. एक दिवस ती अचानक जमिनीवर लोळायला लागते, पुढचं अंग खाली टेकवून मागचं वर उचलते, शेपूट एका बाजूला करते आणि रात्रभर विचित्र, लांबलचक सुरात ओरडते. पोट दुखतंय असं समजून कितीतरी लोक तिला घाबरून दवाखान्यात नेतात. तिला काहीही झालेलं नसतं, ती माजावर आलेली असते.

मांजराचा माज दिवसाच्या उजेडाशी बांधलेला असतो. दिवस मोठा होऊ लागला की शरीर जागं होतं. इंग्लंड किंवा कॅनडासारख्या देशांत हिवाळ्यात दिवस फार लहान होतो, त्यामुळे तिथल्या मांजरींना काही महिन्यांची विश्रांती मिळते. आपल्याकडे तशी सोय नाही. मुंबईत वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा असतो, शिवाय घरात रात्री उशिरापर्यंत दिवे चालू. म्हणजे महाराष्ट्रातलं मांजर जवळजवळ बारा महिने माजावर येऊ शकतं. ‘आता सीझन नाही, नंतर बघू’ या म्हणण्याला इथे अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बाईच्या किंवा कुत्रीच्या शरीरात बीजांड ठरलेल्या वेळी आपोआप सुटतं. मांजरीचं तसं नाही. तिचं बीजांड साधारणपणे बोक्याशी संग झाल्यानंतर, त्या संगामुळेच सुटतं. त्यामुळे वेळ चुकण्याचा प्रश्न फारसा येत नाही. माजावर असताना बोका भेटला की ती गाभण राहण्याची शक्यता फार मोठी असते. एकाच माजात दोन-तीन बोके भेटले तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. बोका भेटलाच नाही, तर आठवडाभराने माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. घरातलं ओरडणं, दारातून निसटायची धडपड, बाहेर जमलेले बोके, हे चक्र चालूच राहतं.

आता हिशेब मांडून बघा. होळीच्या सुमारास जन्मलेलं पिल्लू गणपतीपर्यंत पाच-साडेपाच महिन्यांचं होतं. ‘सहा महिने पूर्ण झाले की करू’ म्हणून तुम्ही नवरात्रातली तारीख घेतली. दरम्यान ती एकदा माजावर आली आणि एखाद्या संध्याकाळी गॅलरीतून बाहेर गेली, तर नवरात्रात तुम्ही गाभण मांजर घेऊन दवाखान्यात जाल. गर्भारपण सुमारे नऊ आठवड्यांचं, म्हणजे दिवाळी उलटते न उलटते तोवर घरात पिल्लं. आई स्वतः तेव्हा जेमतेम सात-आठ महिन्यांची, अंगाने अजून वाढत असलेली. शिवाय पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊन गाभण राहू शकते.

भाऊ-बहीण एकत्र पाळणाऱ्यांना हे विशेष आवर्जून सांगायला हवं. मांजरांत नातं बघितलं जात नाही. दोन्ही पिल्लं घराबाहेर पाऊल टाकत नसली, तरी पाच-सहा महिन्यांनंतर भावापासून बहीण गाभण राहते. अशा घरात दोघांचंही ऑपरेशन एकाच दिवशी, पाच महिन्यांच्या आत करणं सगळ्यात सोपं. आधी फक्त बोक्याचं केलं, तर त्यानंतरही काही आठवडे त्याच्या शरीरात आधीचं वीर्य शिल्लक असू शकतं, त्यामुळे दोघांना सहा आठवडे तरी वेगळं ठेवावं लागतं. वन-बीएचकेमध्ये ते कसं जमायचं, हे ज्याने करून पाहिलंय त्यालाच ठाऊक.

सहा महिन्यांचा आकडा आला कुठून?

त्यामागे मांजरांचा काही खास अभ्यास नव्हता. पूर्वी लहान जनावराला भूल देणं धोक्याचं होतं. औषधं आजच्याइतकी सुरक्षित नव्हती, बारीक जिवाचा श्वास आणि ठोके मोजायची यंत्रं नव्हती. जनावर जरा मोठं, दणकट झाल्यावर हात लावावा, ही त्या काळातली रास्त सावधगिरी होती. औषधं बदलली, यंत्रं आली, आकडा मात्र तसाच राहिला.

अमेरिकेत २०१६ साली पशुवैद्यक आणि प्राणी-कल्याणातल्या तज्ज्ञांचा एक गट या प्रश्नावर एकत्र बसला. उपलब्ध अभ्यास तपासून त्यांनी शिफारस केली की घरच्या मांजरांची नसबंदी पाच महिन्यांच्या आत व्हावी. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनने त्याला पाठिंबा दिला. ब्रिटनमधल्या मांजरांसाठी काम करणाऱ्या संस्था तर चार महिनेच सांगतात. परदेशातल्या आश्रयगृहांत, म्हणजे जिथून पिल्लं दत्तक दिली जातात तिथे, आठ आठवड्यांच्या आणि साधारण एक किलो वजनाच्या पिल्लांचीही ऑपरेशनं वर्षानुवर्षं होत आली आहेत, म्हणजे घरी जाणारं प्रत्येक पिल्लू नसबंदी होऊनच जातं.

घरच्या पिल्लासाठी आठ आठवड्यांची घाई करावी असं मला वाटत नाही. इतक्या लहान जिवाला भूल देण्याचा हात वेगळा लागतो. त्याच्या अंगात साखरेचा साठा थोडा असतो, अंग पटकन गार पडतं. आपल्याकडे असा अनुभव सगळ्याच डॉक्टरांना असतो असं नाही. चार ते पाच महिन्यांत मात्र सगळं जुळून येतं. आठ, बारा आणि सोळा आठवड्यांच्या लसी झालेल्या असतात, रेबीजची लस झालेली असते, जंतांचं औषध पोटात गेलेलं असतं, आणि पहिला माज बहुधा अजून आलेला नसतो. ऑपरेशनच्या दृष्टीनेही हे वय चांगलं. पोटात चरबी कमी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बारीक, त्यामुळे रक्त कमी जातं, वेळ कमी लागतो, आणि पिल्लू लवकर शुद्धीवर येऊन खाऊ लागतं. माजावर असताना त्याच रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून तेव्हा बरेच डॉक्टर ऑपरेशन काही दिवस पुढे ढकलतात.

‘एक वेत होऊ द्या’

हा सल्ला सगळ्यात प्रेमाने दिला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो. आईपणाशिवाय ती अपुरी राहील, नंतर आजारी पडेल, असं म्हणणाऱ्यांच्या मनात माया असते यात शंका नाही. पण एकदा व्यायल्याने मांजरीची तब्येत सुधारते, याला कसलाही आधार नाही. उलट पुरावा आहे, आणि तो फार स्पष्ट आहे.

मांजरींना स्तनाच्या गाठी होतात, आणि त्यातल्या बहुतांश कर्करोगाच्या निघतात. कुत्रीमध्ये अशा गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या असतात, मांजरीत तशी आशा धरता येत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं, की सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी होता. सहा महिने ते एक वर्ष या काळात झाली असेल तर ८६ टक्क्यांनी. दुसऱ्या वर्षात केली तर फायदा ११ टक्क्यांवर घसरला, आणि दोन वर्षांनंतर काहीच उरला नाही. हे आकडे मी ओळखीच्या प्रत्येक मांजरवाल्याला सांगते, कारण या बाबतीत ऑपरेशन झालं की नाही याच्याइतकंच ते कधी झालं यालाही महत्त्व आहे. दहा वर्षांच्या मांजरीच्या पोटाखाली हाताला गाठ लागते तेव्हा मागे जाऊन काही करता येत नसतं.

गर्भाशयात पू होण्याचा आजारही नसबंदी झालेल्या मांजरीत जवळजवळ टळतो.

याच जोडीला एक धोक्याची सूचना. माज थांबवण्यासाठी बाजारात इंजेक्शनं मिळतात, काही जण माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्याही देतात. ऑपरेशनपेक्षा स्वस्त आणि बिनकापाकापीचं म्हणून लोक हा मार्ग धरतात. या औषधांतल्या हार्मोनमुळे गर्भाशयात पू होणं, स्तन सुजून भयंकर मोठे होणं, मधुमेह, आणि पुढे स्तनाचा कर्करोग, हे सगळं होऊ शकतं. कृपा करून देऊ नका.

बोक्यांबद्दलच्या तीन भीती

बोक्याचं ऑपरेशन लवकर केलं तर लघवीची नळी अरुंद राहते आणि पुढे लघवी तुंबते, ही भीती डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येते. १९९०च्या दशकात संशोधकांनी हे मोजून पाहिलं. सात आठवड्यांचे असताना, सात महिन्यांचे असताना आणि अजिबात ऑपरेशन न झालेले, अशा बोक्यांच्या मूत्रनलिकेच्या रुंदीत फरक आढळला नाही. लघवी तुंबायला इतर कारणं पुरतात. कमी पाणी पिणं, फक्त कोरडं खाणं, वाढलेलं वजन, घरातला ताण, लघवीतले खडे. वय काहीही असो, बोका लघवीच्या जागी वारंवार बसतोय, कळ काढतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. काही तासांत ते जिवावर बेततं.

दुसरी भीती, वाढ खुंटेल. होतं उलट. हार्मोन नसल्याने लांब हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा कूर्चेचा भाग उशिरा बंद होतो, त्यामुळे हाडं किंचित लांबच होतात. यात एक खरी अडचण आहे आणि ती लपवायला नको. नसबंदी झालेला, अंगाने जड झालेला तरुण बोका असेल, तर खुब्याच्या हाडाचं टोक या उशिरा जुळणाऱ्या जागी सरकण्याचा धोका असतो. हे क्वचित होतं, पण त्यात वजनाचा हात मोठा आहे, आणि वजन आपल्या हातात असतं.

तिसरी, स्वभाव बदलेल, तो बोका राहणार नाही. खेळकरपणा, लाड करून घेणं, उंदीर-पाल दिसल्यावर दबा धरणं, हे सगळं राहतं. कमी होतात त्या मारामाऱ्या, दिवसचे दिवस गायब होणं आणि भिंतीवर, पडद्यावर, बुटांवर उग्र वासाची फवारणी करणं. यात वेळेचा मुद्दा आहेच. वयात येण्याआधी नसबंदी झाली तर दहातला जेमतेम एखादा बोका पुढे फवारणी करतो. सवय पक्की झाल्यावर केलं तरी बहुतेकांची सुटते, पण सगळ्यांची नाही. मारामाऱ्या कमी होणं हीसुद्धा किरकोळ गोष्ट नाही. चाव्यातून कातडीखाली पू साचतो, आणि मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा एफआयव्ही हा विषाणू मुख्यतः चाव्यातूनच पसरतो.

लवकर झालेल्या ऑपरेशनचे दूरगामी परिणाम बघायला कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी आश्रयगृहातून दत्तक गेलेल्या १,६६० मांजरांचा मागोवा घेतला होता. २००४ साली निष्कर्ष आले. साडेपाच महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरांत गंभीर आजार वाढलेले दिसले नाहीत. दमा आणि हिरड्यांचे आजार तर कमी दिसले, बोक्यांत पुवाळलेल्या जखमाही कमी. एक गोष्ट वाढलेली दिसली, लपून बसण्याची प्रवृत्ती. म्हणजे काही मांजरं जरा बुजरी निघतात. तेवढं मान्य करून मी तरी लवकरच्याच बाजूने आहे.

वय माहीत नसेल तर?

आपल्याकडची बहुतेक पिल्लं गल्लीतून, बाजारातून, पावसात गाडीखालून उचललेली असतात. जन्मतारीख कुणालाच माहीत नसते. अशा वेळी दात बघावेत. दोन महिन्यांच्या आसपास २६ दुधाचे दात पूर्ण आलेले असतात, सगळे सुईसारखे बारीक आणि टोकदार. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास पुढचे इवले दात पडून त्या जागी रुंद, कायमचे दात यायला लागतात. पाचव्या महिन्याच्या आसपास सुळे बदलतात. काही दिवस जुना बारीक सुळा आणि नवा जाड सुळा शेजारीशेजारी दिसतात. तसं दिसलं तर तारीख घ्यायला उशीर होत चाललाय असं समजा. सहा-सात महिन्यांपर्यंत ३० कायमचे दात पूर्ण होतात.

वजनाचाही ढोबळ अंदाज आहे. चांगलं खातं-पितं पिल्लू महिन्याला साधारण अर्धा किलो या वेगाने वाढतं, म्हणजे चार महिन्यांचं पिल्लू दोन किलोच्या आसपास. गल्लीतलं पिल्लू याहून हलकं असतं. त्यामुळे वजन कमी आहे म्हणून ते लहानच असेल असं धरू नका, दातांवर जास्त भरवसा ठेवा. दीड किलोची हाडकुळी मांजरीण माजावर आलेली अनेकांनी पाहिली असेल.

थांबायचं कधी, तेही सांगते. पिल्लाला सर्दी आहे, डोळ्यांतून-नाकातून पाणी येतंय, जुलाब होतायत, पिसवांनी रक्त शोषून हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत, तर आधी ते बरं करा. दोन-चार आठवडे उशीर झाला तर चालेल, फक्त तोवर मादीला दाराबाहेर जाऊ देऊ नका. बोक्याचा एखादा गोळा (वृषण) पोटातून खाली उतरलेला नसेल तर डॉक्टर सहाव्या महिन्यापर्यंत वाट पाहू शकतात. त्यानंतर आतला गोळा शोधून काढावाच लागतो. खाली दिसतो तेवढा एकच काढून परत येऊ नका. पोटात राहिलेला गोळा हार्मोन तयार करत राहतो, फवारणी आणि मारामाऱ्या चालूच राहतात. पर्शियन मांजरं उशिरा वयात येतात, म्हणून त्यांना उशीर केला तर चालतो असं म्हणतात. मला त्यात फायदा दिसत नाही. मात्र चपट्या नाकामुळे भुलीच्या वेळी त्यांच्या श्वासाकडे जास्त लक्ष लागतं, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

ऑपरेशनचा दिवस आणि नंतर

तारीख घेताना डॉक्टरांना सरळ विचारा. इतक्या लहान मांजरांची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? भूल इंजेक्शनची की गॅसची? अंग गरम ठेवायची सोय आहे का? दुखणं कमी करणारं औषध देणार का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

उपाशी ठेवण्याबाबत मोठ्या मांजरांचा नियम लहानांना लावू नये. रात्री आठपासून उपाशी ठेवलेलं चार महिन्यांचं पिल्लू सकाळपर्यंत साखर कमी होऊन गळून जाऊ शकतं. साधारणपणे काही तासांचा उपास पुरतो. नेमके किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि पाणी शेवटपर्यंत पिऊ द्या.

बोक्याचं काम काही मिनिटांचं असतं, बऱ्याचदा टाकेही लागत नाहीत. मादीच्या पोटावर किंवा कुशीवर लहानशी चीर असते, तिथे टाके असतात. दहा ते चौदा दिवस तिने तिथे चाटू नये यासाठी गळ्यात कॉलर किंवा अंगात कापडी जॅकेट घालतात. ती केविलवाणी दिसते म्हणून कॉलर काढायचा मोह होतो, तो आवरा. पावसाळ्यात जागा कोरडी राहील आणि माशी बसणार नाही याची काळजी जास्त घ्या.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: मांजराला क्रोसिन किंवा कुठलीही पॅरासिटामॉलची गोळी द्यायची नाही. अर्धीही नाही, पावही नाही. ते औषध पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात नसते, आणि एका गोळीने ते दगावू शकतं. दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेलंच औषध.

नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्श्याने कमी होते आणि भूक मात्र वाढते. वाटी सतत भरलेली ठेवली तर वर्षभरात गोल गरगरीत मांजर तयार होतं. पाच महिन्यांचं पिल्लू अजून वाढतंय, त्यामुळे पिल्लांचंच खाणं वर्षाचं होईपर्यंत द्यावं, पण मोजून आणि ठरलेल्या वेळी. महिन्यातून एकदा वजन करा. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

सोसायटीच्या आवारातल्या मांजरीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे वयाचा नेमका महिना गाठणं शक्य नसतं, ती हाताला लागेल तोच मुहूर्त. तिच्यासोबत पिल्लं असतील तर ती आठ आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागेपर्यंत थांबावं आणि मग आईला आणि चार महिन्यांची होताच पिल्लांनाही न्यावं. शहरांतल्या अनेक संस्था अशी ऑपरेशनं कमी खर्चात करतात, पकडायला पिंजराही देतात. भूल उतरायच्या आत डाव्या कानाचं टोक जरासं कापून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी तिला पुन्हा पकडून पोट फाडून बघणार नाही.